तटाला चोरदिंडी हवी

कतारमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. शुक्रवारी सकाळी दोह्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला असतो आणि इमारतीतली दोन-तीन मराठी मुलं, कधी त्यांच्यातल्या कुणाचे वडीलही, खेळायला येऊन बसतात. त्यातला एक अकरा वर्षांचा मुलगा मध्यंतरी एका छोट्या स्पर्धेतला आपला डाव वहीत लिहून घेऊन आला. काळ्या मोहऱ्या त्याच्या होत्या. पहिल्या सात-आठ चाली अगदी शिकवल्यासारख्या. पुढे मात्र एच६, मग ए६, मग घोडा बाजूला करून उंट डी७, मग तोच उंट ई८. चोवीसाव्या चालीला पांढऱ्याच्या सगळ्या मोहऱ्या त्याच्या राजासमोर येऊन उभ्या होत्या. त्याने मला विचारलं, "काका, मी चुकलो कुठे? माझं एकही प्यादं फुकट गेलं नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं, प्यादं गेलं नव्हतं. गेला होता तो वेळ, आणि त्याबरोबर जागा. ज्यांनी काळ्या मोहऱ्यांसाठी भक्कम पण दबलेली ओपनिंग निवडली आहे, किंवा आपल्या मुलामुलीला शिकवायला घेतली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी बोलणार आहे ते फिलिडोर बचावाबद्दल. फ्रेंच, स्लाव, पेट्रोव्ह, बर्लिन खेळणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी एक गैरसमज दूर करू. दबलेली म्हणजे वाईट, असं नाही. २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिकने कास्पारोव्हसमोर बर्लिन बचाव उभा केला. कास्पारोव्हला त्या अख्ख्या लढतीत एकही डाव जिंकता आला नाही. त्या बचावाला तेव्हापासून लोक बर्लिनची भिंत म्हणतात. तोच क्रामनिक २०१४ च्या डिसेंबरात इथे दोह्यात कतार मास्टर्सच्या शेवटच्या फेरीत काळ्या मोहऱ्या घेऊन बसला. समोर वीस वर्षांचा चिनी खेळाडू यू यांगयी. क्रामनिकने पेट्रोव्ह बचाव निवडला. अतिशय समतोल, भल्याभल्यांना कंटाळा आणणारी ही ओपनिंग, आणि क्रामनिकच्या तर हातातली. तरी तो हरला. यू यांगयीने आदल्या फेरीत अनिश गिरीला हरवलं होतं, त्या दिवशी क्रामनिकला हरवून स्पर्धाच जिंकली. तटबंदी किती जाड आहे यावर सगळं ठरलं असतं तर तो डाव क्रामनिकला हरताच आला नसता.

आता पटावर येऊ. मी शिकवतो तो चालींचा क्रम असा: १. ई४ डी६ २. डी४ घोडा एफ६ ३. घोडा सी३ ई५ ४. घोडा एफ३ घोडा बी-डी७ ५. उंट सी४ उंट ई७ ६. दोन्हीकडून कॅसलिंग ७. हत्ती ई१ सी६. फिलिडोरची ही जी मांडणी आहे तिला हॅनहॅम पद्धत म्हणतात आणि निम्झोविचसारख्या विचारवंत खेळाडूने ती आवडीने खेळलेली आहे. काळ्याचं ई५ वरचं प्यादं मध्यात रोवलेलं, डी६ त्याला आधार देतं, सी६ मुळे डी५ चं घर राखलं जातं आणि वजिराला सी७ मोकळं होतं. राजा सुरक्षित.

बरीच जुनी पुस्तकं हीच मांडणी १. ई४ ई५ २. घोडा एफ३ डी६ अशा क्रमाने देतात. मुलांना मी तो क्रम देत नाही. त्यात ३. डी४ घोडा डी७ ४. उंट सी४ झाल्यावर हात आपोआप उंट ई७ कडे जातो आणि तिथेच घात होतो. पांढरा ई५ वर मारतो. काळ्याने प्याद्याने परत मारलं की वजीर डी५, आणि एफ७ वर मातेची धमकी. घोडा एच६ ला आणून ती अडवली तर पांढरा उंट तो घोडाच खातो, आणि जी प्याद्याने उंट मारायला गेलात तर एफ७ वर मात. घोड्याने परत मारलं तर घोडे कटतात आणि वजीर एच५ ला येऊन एकाच वेळी एफ७ आणि ई५ दोन्हींवर नजर ठेवतो, म्हणजे एक प्यादं गेलंच. चौथ्या चालीला सी६ हे एकच प्यादं पुढे सरकवलं असतं तर यातलं काही झालं नसतं. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाने स्पर्धेच्या गडबडीत हे लक्षात ठेवावं अशी अपेक्षा कशाला? घोडा एफ६ आधी बाहेर काढला की वजिराचा डी५ चा रस्ता मुळातच बंद होतो.

वरच्या क्रमाबद्दल पालक एक हरकत नेहमी घेतात. पांढऱ्याने चौथ्या चालीला ई५ वर मारून वजीर कापले तर काळ्याच्या राजाला कॅसलिंग करता येत नाही, मग? मग काही बिघडत नाही. वजीर गेल्यावर राजाला मारेकरी कमी. ६. उंट सी४ ला उंट ई६ खेळा. पांढऱ्याने तो मारला तर एफ प्याद्याने परत मारा. ई पट्टीवर एकामागे एक दोन प्यादी दिसायला विचित्र दिसतील, पण डी५, एफ५, डी४, एफ४ ही मधली चारही घरं त्यांच्या हुकमात असतात, पांढऱ्याच्या घोड्यांना पाय ठेवायला जागा राहत नाही. हा डाव मुलांशी मुद्दाम दहा वेळा खेळून बघा. भीती जाते.

आता सर्वांत महत्त्वाचा धोका, आणि हा दबलेपणाचाच धोका आहे. समजा सातव्या चालीला सी६ न खेळता मुलाने हत्ती ई८ खेळला. चाल दिसायला छान, हत्ती मधल्या पट्टीवर आला. पण आता पांढरा उंट एफ७ वरचं प्यादं मारून शह देतो. राजाने उंट मारला की घोडा जी५, पुन्हा शह. राजा जी८ ला परत गेला की घोडा ई६. आता काळ्याच्या वजिराकडे नीट बघा. तो डी८ वर आहे. डावीकडे सी८ ला स्वतःचा उंट, समोर डी७ ला स्वतःचा घोडा, तिरकं एका बाजूला सी७ चं प्यादं, दुसऱ्या बाजूला ई७ चा उंट, उजवीकडे ई८ ला नुकताच हौसेने आणलेला हत्ती. पाचही दारं आपल्याच माणसांनी अडवलेली, आणि वजीर जागच्या जागी मारला जातो.

हा प्रसंग मी प्रत्येक नव्या मुलाला पटावर उभा करून दाखवतो, आणि उत्तर सांगत नाही. वजिराला हात लावून पाचही बाजूंनी सरकवून बघ, एवढंच सांगतो. ज्या मुलाने वजीर असा कोंडलेला स्वतःच्या बोटांनी अनुभवला, ते मूल सी६ कधी विसरत नाही. सी६ झाल्यावर वजिराला सी७, बी६, ए५ अशी वाट मिळते, तरी हत्ती ई८ ला नेण्याआधी हाच धोका पुन्हा तपासून घ्यावा.

मोहऱ्या नीट लागल्या, धोके टळले. आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. आठव्या चालीनंतर करायचं काय?

१६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात महिनोन्‌महिने अडकले होते. गड भक्कम होता, पण गडात बसून राहण्याने वेढा उठला नाही. जुलैच्या पावसाळी रात्री पहारा ढिला पडल्याचं हेरून ते बाहेर पडले आणि विशाळगड गाठला. मराठी मुलाला हे सांगितलं की फिलिडोर निम्मा समजतो. आपले गड बांधणाऱ्यांनी तटाइतकाच विचार चोरदिंडीचा केला होता. तुमच्या मांडणीतली चोरदिंडी कुठे आहे आणि ती कोणत्या क्षणी उघडायची, हे ठाऊक नसेल तर ती मांडणी खेळू नका.

फिलिडोरमध्ये अशी मोठी दिंडी म्हणजे डी५. त्याच्या आधी सहसा ई५ चं प्यादं डी४ वर मारून मध्य थोडा मोकळा केलेला असतो, हत्ती ई८ ला, उंट एफ८ ला मागे घेतलेला. मग डी६ चं प्यादं एक घर पुढे गेलं की पांढऱ्याचा सी४ चा उंट आणि ई४ चं प्यादं दोन्ही एकदम दचकतात. पण वेळ कशी ओळखायची? मी मुलांना मोजायला लावतो. डी५ च्या घरावर पांढऱ्याचे किती जण येऊ शकतात आणि आपले किती, हे बोट ठेवून मोजा. ई४ ला राखणारे किती, मारणारे किती, तेही मोजा. आपली संख्या निदान बरोबरीची झाली की थांबू नका. एक चाल उशीर झाला तर पांढरा एफ३ किंवा उंट ए२ अशी सावध चाल करून दिंडीवर पहारा बसवतो.

दुसरी दिंडी बी५. पांढऱ्याने ए४ खेळून ती बंद केली नसेल तर ती उघडून उंटाला हुसकावा आणि आपला सी८ चा उंट बी७ ला काढा. ए४ झालं असेल तर घाई नको. बी६, उंट बी७, ए६ अशी तयारी करून मग बी५. पांढऱ्याने स्वतःच डी५ ढकलून मध्य बंद केला, तर तिसरा रस्ता: सी६ चं प्यादं त्याच्या डी५ ला भिडवा, ए५ खेळून ठेवा आणि डी७ चा घोडा सी५ ला बसवा. तिथून त्याला बी प्यादं सहजासहजी उठवू शकत नाही.

आपल्या डी७ च्या घोड्याबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण या ओपनिंगमधली निम्मी घुसमट त्याच्यामुळे आहे. तो सी८ च्या उंटाची वाट अडवून बसतो. म्हणून दहाव्या-बाराव्या चालीपर्यंत तो घोडा कुठे जाणार, हे ठरलेलं असायला हवं. मध्य खुला झाला असेल तर ई५ किंवा सी५. मध्य तसाच असेल तर हत्ती ई८ ला गेल्यावर एफ८ आणि तिथून जी६. घोडा हलला की उंट श्वास घेतो. आणि जागा अपुरी असेल तेव्हा एखादी जोडी कापून टाकणं नेहमी फायद्याचं. एका खोलीत सहा माणसं राहत असतील आणि त्यातली दोन गेली तर उरलेल्यांना पाय पसरता येतात. इथे दोह्यात एकट्याने नोकरीला आलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. फक्त एक सांभाळा: जो मोहरा आपलं मुख्य घर राखतो, तो कापू नका. पांढऱ्याचा सी४ चा उंट आणि आपला दबलेला घोडा यांची अदलाबदल होत असेल तर ती आनंदाने करा.

एच६ आणि ए६ यांबद्दलही सांगतो. एच६ एकदा, जी५ वर घोडा किंवा उंट येऊ नये म्हणून, ही चांगली चाल आहे. तीच चाल 'काय करू सुचत नाही' म्हणून केली तर ती पांढऱ्याला भेट दिलेली चाल. सूक वाकिफच्या गल्ल्यांमध्ये संध्याकाळी वृद्ध कतारी माणसं दामा हा पटावरचा खेळ खेळत बसतात, ते थोडा वेळ उभं राहून बघण्यासारखं असतं. दाम्यात मारता येत असेल तर मारावंच लागतं, नुसतं बसून राहायची सोय खेळच देत नाही. बुद्धिबळात ती सोय आहे आणि भक्कम ओपनिंग खेळणारा तिच्या मोहात सर्वांत आधी पडतो. चाल करण्यापूर्वी मुलाने मनात एक वाक्य पूर्ण करावं: 'ही चाल केल्यामुळे माझी डी५, बी५ किंवा सी५ यांपैकी अमुक गोष्ट जवळ येते.' वाक्य पूर्ण होत नसेल तर दुसरी चाल शोधावी.

आपल्याकडचं एक ताजं उदाहरण मुलांना फार आवडतं. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत दुसऱ्या फेरीत नाशिकचा विदित गुजराथी काळ्या मोहऱ्या घेऊन हिकारू नाकामुराविरुद्ध बसला होता. नाकामुरा तोपर्यंत लांबलचक मालिकेत अपराजित. विदितने बर्लिन खेळला, म्हणजे तीच ती भिंत, आणि डाव नीट सुरू होतो न होतो तोच एच३ वर उंटाचं बलिदान देऊन पांढऱ्या राजाची छावणी फोडली. डाव जिंकला. भिंतीआड बसणं हा त्याचा हेतू नव्हताच. तो डाव पटावर मांडून मुलांना विचारा, उंट मारण्याच्या आधीच्या चार चालींत विदितचा कोणता मोहरा कुठे वळला होता. बलिदान सगळ्यांना दिसतं, त्याआधी मोहऱ्यांची वळलेली तोंडं शोधायला शिकवायचं असतं.

याच्या उलट उदाहरण १८५८ चं, पॅरिसच्या ऑपेरा हाउसमधलं. एक ड्यूक आणि एक काउंट मिळून पॉल मॉर्फीविरुद्ध फिलिडोरच खेळले. तिसऱ्याच चालीला त्यांनी उंट जी४ ला काढला, तो घोड्यावर मारून गमावला, मोहऱ्या घरात राहिल्या आणि सतराव्या चालीला मात. त्या डावामुळे फिलिडोर बदनाम झाला. माझ्या मते बदनामी चुकीच्या माणसाची झाली. मोहऱ्या बाहेर न काढणाऱ्याला कोणतीच ओपनिंग वाचवत नाही.

ही ओपनिंग कुणी खेळू नये, तेही सांगायला हवं. ज्याने खेळायला नुकतीच सुरुवात केली आहे त्याने खेळू नये. लहान मुलाने आधी वर्ष-दोन वर्षं १. ई४ ई५ नंतर घोडा सी६ अशा मोकळ्या डावांत हात साफ करावा, हल्ला कसा होतो ते हरून शिकावं. मध्य खुला असताना मोहऱ्या कशा धावतात ते ज्याने पाहिलेलं नाही, त्याला मध्य कधी खुला करायचा ते कळणार कसं? मुलाला हरताना बघवत नाही म्हणून पालक 'सुरक्षित' ओपनिंग मागतात. ती माया मला समजते. पण त्या वयात त्या सुरक्षिततेने खेळ खुंटतो, हे मी माझ्या टेबलावर एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे.

नोकरी करून खेळणाऱ्या मोठ्यांसाठी मात्र ही मांडणी वरदान आहे. आठवड्याचे पाच दिवस साइटवर किंवा ऑफिसात गेल्यावर सिसिलियनच्या पंचवीस चालींच्या फांद्या पाठ करायला वेळ कुठून आणणार? पांढऱ्याने १. डी४ खेळला तरी डी६, घोडा एफ६, घोडा बी-डी७, ई५ हाच साचा चालतो, त्याला ओल्ड इंडियन म्हणतात. त्यातल्या 'इंडियन'चं मूळ कलकत्त्यात आहे: एकोणिसाव्या शतकात महेशचंद्र बॅनर्जी तिथे जॉन कॉक्रेनशी अशाच मांडणीने खेळत, आणि त्या डावांवरून या बचावांना भारतीय नाव मिळालं. एकच घडण शिका, दोन्ही सुरुवातींना वापरा. कमी मिनिटांच्या डावात तर याचा फायदा थेट घड्याळावर दिसतो. दोह्याने २०१६ मध्ये रॅपिड आणि ब्लिट्झची जागतिक स्पर्धा भरवली, २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा भरवली. असे डाव बघताना पहिल्या दहा चालींनंतर घड्याळाकडे लक्ष द्या. ओळखीच्या मांडणीतला खेळाडू तोवर फारसा वेळ खर्च करत नाही. तो वाचलेला वेळ त्याला दिंडी उघडायच्या क्षणी लागतो. तेव्हा रॅपिडमध्ये तीन मिनिटं खुशाल घालवा, त्याआधी नको.

सराव कसा करायचा? सातव्या चालीनंतरची स्थिती मांडा आणि तिथूनच डाव सुरू करा. एकदा काळ्या बाजूने, एकदा पांढऱ्या. पांढऱ्या बाजूने खेळणं टाळू नका, कारण काळ्याची कोणती चाल आपल्याला त्रास देते हे तिकडून बसल्यावरच कळतं. संगणकाला विचारायचंच असेल तर डाव संपल्यावर, आणि तेही एकच प्रश्न: मी मध्य उघडला ती चाल लवकर होती की उशिरा? संगणक या ओपनिंगमध्ये पांढरा थोडा वरचढ असल्याचा आकडा सतत दाखवील. त्याने खचू नका. तो आकडा म्हणजे जागेचा फरक आहे, आणि तो फरक स्वीकारूनच आपण बसलो आहोत.

बरोबरीची विचारणा करायची सवयही या ओपनिंगसोबत येते. ती मोडा. मुलांच्या स्पर्धेत वीस चालींत हात मिळवून अर्धा गुण घेणारं मूल दिंडी उघडायचा सराव कधीच करत नाही. माझ्या टेबलावर नियम आहे की डी५, बी५ किंवा सी५ यांपैकी एकतरी खेळल्याशिवाय बरोबरी मागायची नाही.

त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या वहीत आम्ही तोच हरलेला डाव पुन्हा मांडला. नवव्या चालीला त्याने एच६ खेळलं होतं. मी विचारलं, डी५ वर कोण कोण येतं, मोज. त्याने बोट ठेवून मोजलं, मग पुन्हा मोजलं, आणि पेन्सिलने एच६ खोडून तिथे ई५ ने डी४ वर मारल्याची चाल लिहिली. पुढची पंधरा मिनिटं तो पटावरून उठला नाही.